सोळा गोळ्या, चार आठवडे

ही नोंद एका लेबलाची आहे. ते चुकीचं छापलं एका शिकाऊ सहायकाने, तपासून त्यावर सही केली मी आणि चूक पकडली पेशंटच्या मुलीने. फार्मसी असिस्टंट तयार करायचा म्हणजे त्याला नेमकं काय शिकवायचं, याबद्दलची माझी मतं त्या आठवड्यानंतर बदलली. म्हणून सगळं प्रकरण लिहून काढते आहे. कोणाची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

त्या शिकाऊ मुलाचा काउंटरवरचा तो सहावा आठवडा. त्याआधी वर्गातले दोन महिने झालेले. त्या दोन महिन्यांत आम्ही जे शिकवतो ते शिकवून झालं होतं: ब्रँडचं नाव आणि जेनेरिक नाव, ग्रॅम-मिलिग्रॅम-मायक्रोग्रॅमची उलटापालट, फ्रीजचं तापमान २ ते ८ अंशांत आहे का ते दिवसातून दोनदा बघून वहीत टाकणं, ज्याची एक्स्पायरी आधी ते पुढे लावणं, नियंत्रित औषधांच्या रजिस्टरमध्ये खाडाखोड न करणं, आणि पेशंटचं काही बाहेर न बोलणं. सहायकाने काय करावं याचे नियम देशागणिक बदलतात, पण एक रेघ बहुतेक ठिकाणी सारखीच असते. चिठ्ठी घेणं, लेबल काढणं, औषध काढून मोजणं हे सहायकाचं काम. ते बरोबर आहे असं म्हणणं आणि कसं घ्यायचं ते समजावणं फार्मासिस्टचं. ही रेघ मी प्रत्येक तुकडीला पहिल्याच दिवशी आखून देते. ती जरा जास्तच ठळक आखली जात होती, हे आता कळतंय.

मुलगा अभ्यासू. सारख्या दिसणाऱ्या आणि सारख्या ऐकू येणाऱ्या नावांच्या जोड्यांची त्याची वेगळी वही होती. हायड्रॅलाझिन रक्तदाबाचं, हायड्रॉक्सिझिन खाजेवरचं. नावांतला वेगळा तुकडा मोठ्या अक्षरांत छापायची पद्धत त्याला आवडली होती आणि त्याच्या वहीतही तो तुकडा लाल शाईत असे. लोसेकची गोष्ट मी सगळ्यांना सांगते: आम्लपित्तावरचं हे औषध अमेरिकेत आलं तेव्हा लघवी वाढवणाऱ्या लॅसिक्सशी त्याची इतकी गल्लत व्हायला लागली की १९९० मध्ये कंपनीने तिथलं नाव बदलून प्रिलोसेक केलं. ही गोष्ट ऐकून मुलं हसतात. तो हसला नव्हता, त्याने ती लिहून घेतली होती.

पण हात संथ. बाकीच्या शिकाऊंच्या तीन चिठ्ठ्या होईपर्यंत याची एक व्हायची. ट्रेवर गोळ्या ओतायच्या, पट्टीने पाच-पाच करून बाजूला सारायच्या, हे तो दोनदा करायचा. काउंटरवरची जुनी माणसं कुरकुरत होती आणि मलाही ते पटत होतं. मूल्यमापनाच्या तक्त्यात ‘गती’ असा एक रकाना आहे. तिथे मी त्याला सलग तीन आठवडे सर्वांत खालचा शेरा दिला होता.

आता आधीच्या शुक्रवारची एक बारीक गोष्ट, जी त्या वेळी मला गोष्टच वाटली नव्हती. एका लहान मुलाचं अँटिबायोटिक सिरप होतं. ५ मिलिलिटर, दिवसातून तीनदा, सात दिवस. तो बाटली हातात घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, “मॅडम, हे १०५ मिलिलिटर होतं. बाटली १०० ची आहे.” रांग दारापर्यंत गेलेली. मी म्हणाले, “अरे, पाच मिलिलिटरसाठी माणसं उभी करतोस का? लिहिलंय ते दे.” मागून कोणीतरी हसलं. त्याने बाटली दिली.

हिशेब त्याचा बरोबर होता. एक डोस कमी पडत होता, आणि त्यावरचं उत्तर ‘लिहिलंय ते दे’ हे नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी एक साठीपुढचे गृहस्थ आले. नव्यानेच निदान झालेला संधिवात. चिठ्ठीवर तीन औषधं. वेदनाशामक, दिवसातून दोनदा. मेथोट्रेक्सेट २.५ मिलिग्रॅम, ४ गोळ्या, आठवड्यातून १ वेळ, एकूण १६. फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम, १ गोळी, दर शनिवारी, एकूण ४. खाली पुढच्या भेटीची तारीख, चार आठवड्यांनंतरची.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मेथोट्रेक्सेट हे जुनं औषध आहे. मोठ्या मात्रेत कर्करोगासाठी, आणि थोड्या मात्रेत संधिवात व सोरायसिससाठी वापरतात. पेशींना वाढायला फॉलेट (फॉलिक ॲसिड त्याचंच एक रूप) लागतं, त्या वाटेवरचं एक एन्झाइम ते अडवतं. संधिवातात ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. तेच रोज घेतलं तर अस्थिमज्जा, म्हणजे रक्त तयार करणारा कारखानाच मंदावतो, तोंड सोलतं, जंतुसंसर्गाला वाट मिळते, आणि अशाने माणसं दगावल्याच्या घटना अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत. हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं. म्हणजे वय झालेलं असेल आणि जोडीला वेदनाशामक चालू असेल तर ते अंगात जास्त रेंगाळू शकतं. आमच्या पेशंटच्या बाबतीत दोन्ही होतं.

लेबलाच्या संगणकात गोळी निवडली की मात्रेच्या रकान्यात पहिला पर्याय आपोआप येतो: ‘दिवसातून एकदा’. वेगळं हवं असेल तर यादी उघडून बदलायचं. मुलाने फॉलिक ॲसिडचं बदललं, कारण ‘शनिवारी’ हा शब्द डोळ्यांत भरला. मेथोट्रेक्सेटच्या ओळीत वार नव्हता. ‘आठवड्यातून १ वेळ’ त्याने वाचलं होतं, नंतर विचारल्यावर त्याने ते मला शब्दश: सांगितलं. पण पडद्यावरही ‘एकदा’ होतं आणि चिठ्ठीवरही ‘१ वेळ’. नजर आकड्यावर टेकली आणि पुढे गेली. छापून आलं: ‘४ गोळ्या, दिवसातून एकदा’.

मग त्याने गोळ्या मोजल्या. त्याच्या सवयीने दोनदा. सोळा भरल्या.

इथे तो अडखळला होता. हे त्याने त्या दिवशी नाही, पुढच्या गुरुवारी सांगितलं. डबीवर लेबल चिकटवताना त्याच्या मनात आलं, की रोज चार म्हणजे या चारच दिवस पुरतील आणि डॉक्टरांनी तर चार आठवड्यांनी बोलावलंय. मग त्याने स्वतःची समजूत काढली की पहिले चार दिवस देऊन बघत असतील. “विचारावंसं वाटलं नाही का?” असं मी विचारलं तेव्हा तो गप्प राहिला. शुक्रवारचं बोलणं त्याने काढलं नाही. मलाच आठवलं.

डबी माझ्यापुढे आली. तपासणीला माझा हात बसलेला आहे, वीस वर्षं तेच करते आहे. पेशंटचं नाव, औषधाचं नाव, ताकद, आकडा. मेथोट्रेक्सेट, २.५, सोळा. बरोबर. शेजारच्या डबीवर ‘आठवड्यातून एकदा, शनिवारी’ असं स्वच्छ छापलेलं होतं, ते मी वाचलं. आणि डोक्याने ते एक वाक्य दोन्ही डब्यांना लावून टाकलं. मेथोट्रेक्सेटच्या लेबलाची दुसरी ओळ मी बघितली, पण वाचली नाही. हा फरक अनुभवी माणसाला शिकाऊपेक्षा जास्त छळतो. शिकाऊ अक्षर न् अक्षर वाचतो, कारण त्याला काय लिहिलेलं असणार हे आधी माहीतच नसतं.

औषध हातात देताना समजावून सांगण्याचं काम त्या वेळी माझ्या सहकाऱ्याकडे होतं. त्यांनी लेबलावरचं मोठ्याने वाचून दाखवलं. चिठ्ठी तोवर फाइलला लागली होती. डॉक्टरांनी तोंडी आठवड्यातून एकदाच सांगितलं होतं, हे नंतर पेशंटलाही आठवलं. पण घरी डबी असते, डॉक्टर नसतात. डबीवर जे छापलेलं तेच खरं.

गुरुवारी सकाळी फोन वाजला. उचलला त्या शिकाऊ मुलानेच. पेशंटची मुलगी बोलत होती. तक्रार नव्हती, चौकशी होती: “बाबांच्या चार-चार वाल्या गोळ्या आज रात्री संपतील. भेट तर अजून साडेतीन आठवड्यांवर आहे. पुढच्या गोळ्यांना नवी चिठ्ठी लागेल का?”

मी शेजारीच होते. त्याचा चेहरा मला आठवतो. त्याने “ताई, एक मिनिट, फोन ठेवू नका” म्हटलं आणि हात फोनवर दाबून माझ्याकडे बघितलं. तोंडातून शब्द येईना. मग म्हणाला, “सोळा आहेत. ते आठवड्याचं होतं.”

तीन रात्रींत बारा गोळ्या, ३० मिलिग्रॅम गेलं होतं. ठरलेलं होतं आठवड्याला १० मिलिग्रॅम. मी फोन घेतला, गोळ्या आणि वेदनाशामक दोन्ही थांबवायला सांगितलं, ताप किंवा तोंडात फोड आहेत का ते विचारलं आणि चूक आमची आहे हेही त्याच फोनवर सांगितलं. त्यावर वरिष्ठांची नाराजी नंतर झेलावी लागली. माझ्या मते तिथे घोळवत बसलं असतं तर तिने गोळ्या थांबवायलाही वेळ लावला असता.

डॉक्टरांना कळवलं. त्यांनी लगेच दाखल करून घेतलं, रक्तपेशी आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या लावल्या आणि उतारा म्हणून फॉलिनिक ॲसिड मागवलं. फोनवर हे नाव मुलगा लिहून घेत होता. त्याने लिहिलं, पुन्हा उच्चारलं, आणि विचारलं, “डॉक्टर, फॉलिक नाही ना? फॉलिनिक? मधे ‘नि’ आहे ना?” डॉक्टर वैतागून “हो” म्हणाले. पण प्रश्न वायफळ नव्हता. फॉलिक ॲसिडला कामाला लागण्यासाठी तेच एन्झाइम लागतं जे मेथोट्रेक्सेटने अडवून ठेवलेलं असतं, म्हणून उतारा म्हणून ते निरुपयोगी. फॉलिनिक त्या अडथळ्याच्या पलीकडून आत शिरतं. एका ‘नि’चा प्रश्न होता, आणि ज्याला आम्ही संथ म्हणत होतो त्याने तो विचारला, तोही चूक उघडकीला आल्यावर तासाभरात. हे मला अजून नवल वाटतं. बहुतेक माणसं अशा वेळी घाबरून जास्त भराभर कामं करायला लागतात.

पेशंटच्या तोंडात दोन दिवसांनी फोड आले. पांढऱ्या पेशी थोड्या उतरल्या आणि दोन आठवड्यांत पूर्ववत झाल्या. मूत्रपिंडं ठीक राहिली. आठवडाभर जेवण जात नव्हतं. एवढ्यावर निभावलं ते सोळाच गोळ्या असल्यामुळे आणि मुलीने त्या मोजल्यामुळे. शंभराची डबी दिली असती तर हा लेख वेगळा झाला असता.

चौकशीच्या फॉर्मवर ‘कारण’ असा रकाना असतो. त्यात आधीच कोणीतरी पेन्सिलने लिहून ठेवलं होतं: शिकाऊचा निष्काळजीपणा. मुलाचं प्रशिक्षण थांबवावं असा सूर होता. मी पेन्सिल खोडली. निष्काळजी माणूस गोळ्या दोनदा मोजत नाही. शिवाय फॉर्मच्या तळाशी सही माझी होती. तिच्याकडे बोट दाखवायला कोणी धजत नव्हतं, म्हणून बोट खालच्या माणसाकडे वळत होतं.

मी त्याची परीक्षेची प्रश्नपत्रिका काढून पाहिली. पन्नास प्रश्न. नावं, तापमानं, मापं, कायदा. सगळ्यांची उत्तरं पाठ असली की झालं. ‘चिठ्ठी आणि लेबल जुळतंय, तरी काहीतरी खटकतंय, अशा वेळी काय कराल’ असा एकही प्रश्न नाही. आम्ही त्याला जुळवायला शिकवलं होतं. जुळवण्याचं काम बारकोड आमच्यापेक्षा बरं करतो. माणूस तिथे उभा असतो तो ताळा करायला: आकडा, मात्रा आणि दिवस यांचं गणित बसतं का. ते गणित त्याला येत होतं. शुक्रवारी त्याने ते मला करूनही दाखवलं होतं. त्या बदल्यात त्याला मिळालं ते हसू, आणि सोमवारी त्याने तेच गणित मनात केलं आणि मनातच ठेवलं. मी आखलेली ती ठळक रेघही आड आली होती. “बरोबर-चूक फार्मासिस्ट ठरवतो” हे इतकं घोकून घेतलं होतं, की शंका घेणंही आपल्या कामात बसत नाही असं त्याला वाटत होतं.

या औषधाच्या बाबतीत हे घडणार, हे काही गुपित नव्हतं. अमेरिकेतल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस’ने २०१४ मध्येच रुग्णालयांना सांगितलं होतं की तोंडाने घ्यायच्या मेथोट्रेक्सेटला संगणकात आपोआप येणारा पर्याय आठवड्याचाच ठेवा, आणि कोणी रोजचा घातला तर कर्करोगासाठीच आहे ना याची खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका. युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने २०१९ मध्ये पाकिटावर ठळक इशारा आणि पेशंटजवळ ठेवायचं कार्ड सुचवलं, शिवाय गोळ्या बाटलीऐवजी ब्लिस्टरमध्ये, म्हणजे एकेक गोळी वेगळी बंद असलेल्या पट्टीत द्याव्यात असंही सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेची औषधांच्या अपायाविरुद्धची मोहीम २०१७ पासूनची. आमच्याकडे यांतलं काय पोचलं होतं? भिंतीवर एक पोस्टर होतं, त्याच्यावर रजांचा तक्ता अडकवलेला.

संगणकाचं काम सर्वांत सोपं निघालं, अर्ध्या दिवसात झालं. आता मेथोट्रेक्सेट निवडलं की वार भरल्याशिवाय लेबल छापलंच जात नाही, आणि चिठ्ठीवर वार नसेल तर डॉक्टरांना फोन करून विचारतो.

शिकवण्याचं काम मात्र अवघड गेलं. पहिल्यांदा मी नियम काढला की प्रत्येक शिकाऊने दिवसाला निदान तीन शंका विचारायच्या. आठवडाभरात त्याचा तमाशा झाला. संध्याकाळी पाचला मुलं ओळीने येऊन “मॅडम, पॅरासिटामॉल जेवणाआधी की नंतर?” असलं काहीतरी विचारून कोटा भरायची. तो नियम मोडीत काढला. त्याऐवजी आता गोळ्या मोजून झाल्या की शिकाऊने एकच वाक्य मोठ्याने म्हणायचं असतं: “सोळा गोळ्या, आठवड्याला चार, चार आठवडे.” शेवटचा आकडा पुढच्या भेटीशी जुळला नाही तर डबी पुढे सरकत नाही. तपासणाऱ्याने लेबलाकडे न बघता, फक्त चिठ्ठीवर डोळे ठेवून ते ऐकायचं. सुरुवातीला रांगेतली माणसं बघत राहायची. आता त्यांनाही सवय झाली आहे, आणि मधूनच कोणी काउंटरपलीकडून “बरोबर” म्हणतं. या वाक्याने सगळंच धरता येतं असं नाही. गरजेपुरत्या घ्यायच्या गोळ्यांना, मलमांना, थेंबांना ते बसत नाही, तिथे अजून आमची ओढाताण चालू आहे.

‘गती’चा रकाना मी काढून टाकायचा प्रस्ताव दिला. तो मान्य झाला नाही. त्याच्याशेजारी आणखी एक रकाना मिळाला, ‘थांबून विचारलं’, त्यात तारीख आणि एक ओळ लिहायची. मी मुलाच्या तक्त्यात मागच्या तारखेची एक ओळ भरली: शुक्रवार, सिरप १०५ मिलिलिटर, बाटली १००. त्याने ती वाचली आणि काही बोलला नाही.

प्रशिक्षण त्याचं पूर्ण झालं. परीक्षेत चांगले गुण पडले. हात अजून संथच आहे. मध्यंतरी या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या एका मुलीने मला विचारलं, पाठांतर चांगलं नसेल तर जमेल का. मी तिला तासभर त्याच्याशेजारी उभं केलं.

सहा आठवड्यांनी त्या गृहस्थांना मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू झालं, कमी मात्रेत. आठवड्याला तीन गोळ्या. औषध न्यायला त्यांची मुलगी आली होती. आमच्याकडेच पुन्हा येतील असं मला वाटलं नव्हतं. मुलाने वाक्य म्हटलं, मी चिठ्ठीवर बोट ठेवून ऐकलं, सही केली. तिने डबी घेतली, झाकण उघडलं आणि सगळ्या गोळ्या ट्रेवर ओतल्या. मागे पाच-सहा माणसं होती. तिने बोटाने तीन-तीनचे चार ढीग केले.

“चार सोमवार?” तिने विचारलं.

“चार सोमवार, ताई.”

तिने लेबल एकदा वाचलं, मग पर्समधून पेन काढून झाकणावर स्वतःच्या अक्षरात ‘सोमवार’ लिहिलं, आणि गोळ्या एकेक करून परत भरल्या. तोवर कोणीही तिला घाई केली नाही.